शुल्काचा तिसरा रकाना: निर्वासित विद्यार्थी आणि विद्यापीठाचे दार

आज आपण कादंबरी किंवा नाटक वाचणार नाही, नियम वाचणार आहोत. शुल्काचे तक्ते, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीच्या जाहिराती. विषय कोरडा वाटेल, पण थोडा धीर धरा. समीक्षा म्हणजे बारकाईने वाचणे, आणि जे कागद माणसाचे आयुष्य ठरवतात ते तर जास्तच बारकाईने वाचायला हवेत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या कागदापासून करू. ज्यांच्या घरातले कोणी इंग्लंडला शिकायला गेले आहे, त्यांनी विद्यापीठाचा शुल्कतक्ता पाहिलेलाच असतो. त्यात दोन रकाने असतात: ‘होम’ आणि ‘ओव्हरसीज’. एक घरच्यांचा, एक बाहेरच्यांचा. इंग्लंडमध्ये पदवीसाठी घरच्या विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क २०१७ पासून जास्तीत जास्त ९,२५० पौंड होते, २०२५ मध्ये ते ९,५३५ पौंड झाले. बाहेरच्याच्या शुल्काला अशी मर्यादाच नाही. ते दुप्पट, तिप्पट, वैद्यकीय शिक्षणात त्याहूनही जास्त असते. आपली मुले दुसऱ्या रकान्यात बसतात. शेत किंवा फ्लॅट तारण ठेवून, बँकेचे कर्ज काढून आपण ते भरतो. मागे देश असतो, पासपोर्ट असतो, कर्जाला जामीन राहणारा मामा असतो.

आता प्रश्न असा. ज्याचा देशच सुटला आहे, त्याने कोणत्या रकान्यात बसायचे?

इथे दोन शब्द वेगळे करून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होईल. युद्ध किंवा छळामुळे देश सोडून आलेल्या ज्या माणसाला दुसऱ्या देशाने अधिकृत मान्यता दिली, त्याला आम्ही ‘निर्वासित’ म्हणू. ज्याने अर्ज केला आहे पण निर्णय अजून आलेला नाही, तो ‘आश्रयार्थी’. माणूस तोच, भीती तीच. फरक फक्त निर्णयाच्या पत्राचा. आणि गंमत बघा, कायद्याची दृष्टी अशी आहे की मान्यता मिळाल्यामुळे कोणी निर्वासित होत नाही, तो निर्वासित असतो म्हणून त्याला मान्यता मिळते. शुल्काचा तक्ता मात्र पत्राची तारीख पाहतो.

आधी आकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचा, म्हणजे यूएनएचसीआरचा, २०२४ चा शिक्षण अहवाल सांगतो की निर्वासित मुलांपैकी प्राथमिक शाळेत ६५ टक्के आहेत, माध्यमिकमध्ये ४२ टक्के आणि उच्चशिक्षणात ७ टक्के. जगाची उच्चशिक्षणातली सरासरी ४० टक्क्यांच्या वर आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी निर्वासितांचा हाच आकडा १ टक्का सांगितला जाई. १ वरून ७ ही प्रगती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०३० पर्यंत १५ टक्क्यांचे उद्दिष्टही ठरले आहे. पण ६५, ४२, ७ ही उतरंड नीट पाहा. प्राथमिक ते माध्यमिक जेवढी गळती आहे, त्याहून मोठी माध्यमिक ते विद्यापीठ आहे. जो मुलगा तंबूत, छावणीत, परक्या भाषेत बारावीपर्यंत पोचला, तो हुशारीत कमी पडला म्हणून गळला असे म्हणणे अवघड आहे. मग तो कुठे अडला?

आमचे म्हणणे असे की तो १९५१ सालीच अडला होता. त्या वर्षी जिनिव्हात निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे कलम २२ शिक्षणाविषयी आहे आणि त्यात दोनच परिच्छेद आहेत. पहिला परिच्छेद म्हणतो की प्राथमिक शिक्षणात निर्वासिताला देशाच्या नागरिकासारखीच वागणूक द्यावी. स्पष्ट वाक्य, पळवाट नाही. दुसरा परिच्छेद त्यापुढच्या शिक्षणाचा. तिथे भाषा एकदम बदलते. शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यावी, आणि निदान तशाच परिस्थितीतल्या इतर परकीयांपेक्षा ती कमी नसावी, एवढेच. परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, शुल्कमाफी, शिष्यवृत्ती हे सगळे या दुसऱ्या परिच्छेदात येते. म्हणजे पाटी-पेन्सिल हा हक्क, आणि पदवी ही यजमानाची मर्जी.

त्याआधी तीन वर्षे, १९४८ मध्ये, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने कलम २६ मध्ये उच्चशिक्षण गुणवत्तेच्या आधारावर सर्वांना समान रीतीने खुले असावे असे म्हटले होते. जाहीरनामा म्हणतो सर्वांना, करार म्हणतो शक्य तितके. ‘शक्य तितके’ हे शब्द आपल्याकडच्या सरकारी कचेरीत ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता या ‘शक्य तितक्या’चे एका श्रीमंत देशात काय होते ते पाहू. इंग्लंडचेच उदाहरण पुढे नेऊ.

तिथे मान्यता मिळालेला निर्वासित पहिल्या रकान्यात येतो. त्याला घरच्या विद्यार्थ्याचे शुल्क लागते आणि सरकारी शिक्षणकर्जही मिळते. ही व्यवस्था चांगली आहे, तिचे श्रेय दिले पाहिजे. पण ज्याचा निर्णय आलेला नाही तो आश्रयार्थी सर्वसाधारणपणे दुसऱ्या रकान्यात जातो. तिथे त्याच्या शेजारी आपला पुण्याचा, नागपूरचा मुलगा बसलेला असतो. आपल्या मुलाजवळ कर्ज आहे, व्हिसा आहे, आठवड्याला ठरावीक तास काम करायची मुभा आहे. आश्रयार्थ्याला यातले काही नाही. सरकारी शिक्षणकर्ज नाही. कामाची परवानगी साधारणपणे नाही. स्वतःची चूक नसताना निर्णय वर्षभराहून जास्त रखडला तर मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरती. निर्वाहभत्ता किती? स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्याला आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स, हा २०२४ मधला दर.

हिशोब करू. ४९.१८ गुणिले ५२ म्हणजे वर्षाचे सुमारे २,५५७ पौंड. यात जेवण, कपडे, बसभाडे सगळे आले. त्याने एक घासही न खाता सगळे साठवले, तरी ‘घरच्या’ रकान्यातले एका वर्षाचे शुल्क जमायला जवळपास पावणेचार वर्षे लागतील. ‘बाहेरच्या’ रकान्याचा हिशोब मांडण्यातच अर्थ नाही. दार उघडे आहे, असे तक्ता म्हणतो. आश्रयार्थ्याने विद्यापीठात शिकू नये असा सरसकट कायदा नाही. मनाई करण्याची गरजच पडत नाही, किंमत पुरेशी आहे.

आणि कधी कधी मनाईही झाली. २०१८ च्या जानेवारीत तिथे ‘इमिग्रेशन बेल’ची नवी पद्धत लागू झाली. निर्णयाची वाट पाहणाऱ्यांना अटी लिहिलेला कागद मिळू लागला आणि अनेक तरुणांच्या कागदावर अभ्यास करू नये अशीही अट आली. गुन्हा कोणताही नाही, पण शिकायला बंदी. वकील, शिक्षक, विद्यार्थी संघटनांनी आवाज उठवल्यावर सूचना बदलाव्या लागल्या. त्या अटीतून एक गोष्ट कळते. शिकणारा माणूस रुजतो, आणि ज्याला परत पाठवायचे असेल त्याने रुजू नये असे कुठेतरी कोणाला वाटत असते.

इथे कोणी म्हणेल, अहो, पण शिष्यवृत्त्या आहेत ना! आहेत. ब्रिटनमध्ये ‘सिटी ऑफ सँक्च्युअरी’ नावाची चळवळ २००५ मध्ये शेफील्डहून सुरू झाली, तिच्याच प्रेरणेने अनेक विद्यापीठे आश्रयार्थ्यांचे शुल्क माफ करतात, काही जण राहण्याखाण्याचा खर्चही देतात. जगभर पाहायचे तर जर्मन सरकारच्या पैशातून यूएनएचसीआर १९९२ पासून ‘डाफी’ शिष्यवृत्ती चालवते. तिला आइन्स्टाइनचे नाव आहे, तोही निर्वासितच होता. या शिष्यवृत्त्यांनी हजारो आयुष्ये उभी केली. आमची टीका देणाऱ्यांवर नाही. शिष्यवृत्ती हेच उत्तर आहे असे मानण्यावर आहे.

का, ते सांगतो. पहिले म्हणजे संख्या. एखाद्या विद्यापीठात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात. जिथे अर्ज जास्त आणि जागा कमी, तिथे निवड आली. निवड आली की मार्कांबरोबर कहाणीही तोलली जाते. अर्जात लिहा: तुमच्यावर काय गुदरले, तुम्ही कसे तगून राहिलात, हे शिक्षण घेऊन समाजाला काय द्याल. एकोणीस वर्षांच्या मुलीने आपली जखम आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवायची, मग वकिलाला, मग निवड समितीला. तिच्या वर्गातल्या इतर कोणाला पदार्थविज्ञान शिकण्यासाठी असे काही सांगावे लागत नाही. त्यांनी मार्क दाखवले की पुरते.

दुसरे, शिष्यवृत्ती शुल्क भरते पण रकाना बदलत नाही. विद्यापीठाच्या दफ्तरी ती मुलगी ‘बाहेरची’च राहते. उद्या विद्यापीठाची आर्थिक ओढाताण झाली, कुलगुरू बदलले, देणगीदाराचे मन फिरले, की शिष्यवृत्ती बंद. हक्क काढून घ्यायचा तर कायदा बदलावा लागतो, लोकांसमोर उत्तर द्यावे लागते. मेहेरबानी बंद करायला संकेतस्थळावरचे एक पान काढले की झाले.

तिसरा मुद्दा कृतज्ञतेचा. शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी नापास होऊ शकत नाही, विषय बदलू शकत नाही, वर्गात वाद घालताना दहादा विचार करतो. त्याचा फोटो माहितीपत्रकावर असतो. उपकाराचे ओझे घेऊन शिकता येते, पण पाठ सरळ राहत नाही.

रकानाच बदलता येतो का? येतो. ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये एका खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. ती विद्यार्थिनी आश्रयार्थी नव्हती, पण लहानपणापासून ब्रिटनमध्ये वाढली होती, तिथेच शाळा शिकली होती, आणि तिचा वास्तव्याचा दर्जा कायम नाही एवढ्यावरून तिला शिक्षणकर्ज नाकारले होते. असा सरसकट नकार भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि दीर्घकाळ राहिलेल्यांसाठी नवा वर्ग आला. त्यात अठराच्या आतल्या मुलाने निदान सात वर्षे तिथे राहिलेले असावे, अशा अटी आहेत. अटी कडकच आहेत. पण बघा, एका निकालाने जे शेकडो जणांसाठी झाले, ते शेकडो निवड समित्यांनी होत नसते. आणि त्यासाठी कोणाला आपली जखम उघडी करावी लागत नाही. इतकी वर्षे इथे राहिलो, हे दाखवले की झाले.

पैशाइतकाच दुसरा अडसर कागदांचा. आपल्याकडे कॉलेज बदलायचे म्हटले तरी शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट, गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती! ज्याचे विद्यापीठच बाँबहल्ल्यात गेले, त्याने मूळ प्रत कुठून आणायची? आणि ज्या सरकारपासून पळून आला, त्याच सरकारला पत्र लिहून दाखला मागायचा? १९९७ च्या लिस्बन करारात यावर एक कलम आहे. कागद नसलेल्या निर्वासितांच्या पात्रतेची तपासणी करण्याची न्याय्य पद्धत देशांनी उभारावी, असे ते सांगते. जर्मनीने ते मनावर घेतले. २०१५ मध्ये तिथे मोठ्या संख्येने सीरियन लोक आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठराव केला: कागद नसतील तर त्या माणसाचा शैक्षणिक प्रवास खरा वाटतो का ते पाहा, आणि मग परीक्षा किंवा चाचणी घेऊन ठरवा. शिवाय तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्कच नाही. म्हणजे दोन रकान्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी उरत नाही. भाषा शिकण्याचा, पूर्वतयारीच्या वर्गाचा, घरभाड्याचा प्रश्न राहतोच, तो सोपाही नाही. पण दारातली पहिली पायरी नीट बांधलेली आहे.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण दुसऱ्याच्या घरातली धूळ दाखवून थांबणे बरे नव्हे.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून प्रत्येक समूहासाठी वेगळी रीत. तिबेटी आले तेव्हा सरकारने त्यांच्यासाठी १९६१ मध्ये शाळांची स्वतंत्र केंद्रीय संस्था काढली. त्यांच्या वसाहती देशभर आहेत, आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावलाही आहे. रोहिंग्या मुलांच्या बाबतीत मात्र शाळाप्रवेशासाठीही २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जावे लागले. महाविद्यालय तर पुढची गोष्ट.

तमिळनाडूचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. १९८३ पासून श्रीलंकेतले तमिळ तिथे आले. राज्याने त्यांच्या मुलांना कॉलेजात प्रवेशाच्या सवलती दिल्या. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि सवलती थांबल्या. १९९६ मध्ये त्या परत सुरू झाल्या. हत्येशी त्या बारावीतल्या मुलांचा काय संबंध होता? काहीच नाही. पण मेहेरबानी अशीच असते, वारा फिरला की तीही फिरते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने या निर्वासितांसाठी ३१७ कोटींची योजना जाहीर केली. कला आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांची वार्षिक मदत ३,००० वरून १२,००० रुपये झाली, अभियांत्रिकीच्या ५० विद्यार्थ्यांचे शिक्षण व वसतिगृह शुल्क सरकारने पत्करले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण पदवीनंतर काय? नागरिकत्व नाही, पासपोर्ट नाही, म्हणून कंपनी घेत नाही. अभियांत्रिकी शिकून रंगकामाला जाणाऱ्या तरुणांच्या बातम्या तिथे वर्षानुवर्षे येत आहेत.

आणि पुणे. आपल्या शहरात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत, बरेचसे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. ते निर्वासित म्हणून आले नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडले आणि इथे असलेल्यांना परत जायला जागा उरली नाही. जे कोविडमध्ये घरी गेले होते त्यांचे हाल वेगळेच. दहा दिवसांनी भारत सरकारने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले. प्रवेश इथे, वर्ग इथे, विद्यार्थी तिकडे. त्यातल्या मुलींसाठी तर तिकडची विद्यापीठे २०२२ च्या डिसेंबरात बंदच झाली.

आपल्या विद्यापीठांचा ‘परदेशी विद्यार्थी’ अर्ज काढून बघा. पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा, समकक्षता प्रमाणपत्र, आणि शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट, बऱ्याच ठिकाणी डॉलरमध्ये. यूएनएचसीआरचे कार्ड घेऊन आलेल्या मुलाने यात काय भरायचे? इंग्लंडच्या तक्त्यावर टीका करणे सोपे होते. हा आपला तक्ता आहे.

इथे श्रोत्यांतून एक रास्त प्रश्न येतो, तो टाळणार नाही. आपल्याच पोरांना फी परवडत नाही, शेतकऱ्याची मुलगी फीपायी कॉलेज सोडते, आणि तुम्ही बाहेरच्यांचे काय सांगता? प्रश्न खरा आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागांना मुभा दिली. अधिसंख्य म्हणजे मंजूर जागांच्या वर. त्या जागांत निर्वासित बसला तर शेतकऱ्याच्या मुलीची जागा जात नाही. दुसरे, शेतकऱ्याच्या मुलीची फी माफ झालीच पाहिजे, आणि तीही हक्काने. तिलाही कोणाच्या ट्रस्टच्या दारात कहाणी सांगायला लावू नये. दोघींचे भांडण एकमेकींशी नाही, एकाच खिडकीशी आहे.

मेहेरबानीतून हक्काकडे कसे जायचे, हे मराठी समाजाला कोणी वेगळे शिकवायला नको. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. ते निर्वासित नव्हते, पण शिष्यवृत्तीचे बळ आणि तिची दोरी दोन्ही त्यांनी अनुभवली. दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. १९१७ मध्ये मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांनी आणखी चार होतकरू मुलांसाठी एखादा दाता शोधला नाही. त्यांनी सरकारच्या तिजोरीतून निधी मागितला, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एका राजाच्या औदार्यावर शिकलेल्या माणसाने पुढच्यांना राजा शोधायची वेळ येऊ नये अशी तरतूद केली.

म्हणून मागणी साधी आहे. शुल्काच्या तक्त्यात तिसरा रकाना हवा: निर्वासित आणि आश्रयार्थी, शुल्क स्थानिकांइतकेच. पासपोर्टऐवजी यूएनएचसीआरचे कार्ड किंवा सरकारी नोंदणी चालावी. कागद हरवले असतील तर परीक्षा घ्या, पण अर्ज परत करू नका. आणि पदवी दिलीत तर तिच्यावर काम करू द्या, नाहीतर ती भिंतीवर लावायलाही त्याच्याकडे स्वतःची भिंत नाही. शिष्यवृत्ती यानंतर येऊ द्या, वसतिगृहासाठी, पुस्तकांसाठी, भाषा शिकण्यासाठी. तिथे ती शोभते.

या चार गोष्टींपैकी पहिल्या तिन्हींची सुरुवात एखाद्या विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद करू शकते. आपल्यापैकी काही जण अशा मंडळांवर आहेत, काही जणांचे विद्यार्थी तिथे आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एवढा एक ठराव ठेवून बघा. नाही म्हणणाऱ्याला मग कारण लेखी द्यावे लागेल, आणि ते कारण आपण पुन्हा असेच बसून वाचू.